रेघेपर्यंतचा समुद्र

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता तुळजापुरात, वसंतराव काक्रंबेकर यांच्या दिवाणखान्यातल्या समुद्राचं मीठ कमी झालेलं आढळलं.

समुद्र तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद होता, उंचीलाही तेवढाच. हजार भाग पाण्याला पस्तीस भाग मीठ हे त्याचं ठरलेलं प्रमाण. बुधवारी ते तेहतीस भरलं. वसंतरावांनी चष्मा पुसला, क्षार मोजायची नळी पुसली, काचेवर नवा थेंब घेतला आणि खिडकीशी जाऊन पुन्हा पाहिलं. तेहतीसच. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून, पण कुणालाच उद्देशून नव्हे अशा आवाजात विचारलं, "मीठ कुठं गेलं?"

"डब्यात आहे," आतून लीलाबाई म्हणाल्या. "खालच्या फळीवर."

वसंतरावांनी सगळी नोकरी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात घालवली होती. बीकरमध्ये मीठ विरघळवायचं, पाणी उकळून आटवायचं आणि तळाशी उरलेलं मीठ मुलांना दाखवून म्हणायचं, "पाहिलंत? पाणी उडतं, मीठ उडत नाही." तालुक्यातले निम्मे सरपंच आणि बहुतेक सगळे मेडिकलवाले हे वाक्य त्यांच्याकडून शिकून गेलेले. आता टाकीतलं पाणी उन्हाळ्यानं रोज उडत होतं, तेवढं आरओच्या जारचं बिनक्षाराचं पाणी वसंतराव रोज सकाळी भरत होते, आणि मीठ आहे तिथंच राहणं हे निसर्गाचं काम होतं. निसर्गानं ते केलं नव्हतं. वसंतरावांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली.

टाकी त्यांच्या मुलीची, श्रियाची. ती पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिनं ती हौसेनं उभी केली. बदली झाली तेव्हा समुद्र आईवडलांकडे आणून ठेवला आणि जाताना सांगून गेली, "बाबा, उन्हाळ्यात मी येईन आणि बघेन. सगळं नीट असलं तर टाकी तुमची. नसलं तर वैष्णवी गाडी पाठवून पुण्याला नेईल. ती तयारच आहे." वैष्णवी म्हणजे श्रियाची मैत्रीण. तिच्याकडे असे दोन समुद्र आधीच होते. त्या वेळी वसंतरावांनी "बरं" म्हटलं ते शेजाऱ्याची कुंडी सांभाळायला घ्यावी तसं. पण महिन्याभरात माणूस पार बदलला. वर्तमानपत्र टाकीसमोर बसून वाचायला लागला. चहा तिथं. दुपारची झोप तिथल्याच खुर्चीत. नारिंगी पट्ट्यांच्या दोन माशांपैकी मोठी मादी दुसऱ्याला दिवसभर कोपऱ्यातून कोपऱ्यात पळवायची, म्हणून तिचं नाव 'मोठ्या बाई' पडलं आणि त्याचं 'शिपाई'. मधोमध खडकावर एक मऊ पोवळं होतं, पिवळसर, छत्रीसारखं. सकाळी दिवा लागला की त्या छत्रीवर बारीक फुलं उमलायची आणि पंपाच्या लाटेबरोबर डुलायची. वसंतरावांना वाटायचं, ती आपल्याला ओळखतात. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. लीलाबाईंना न सांगता कळली होती.

बुधवारी ती फुलं उमलली नाहीत. छत्री उकडलेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत बसून राहिली. श्रिया यायला जेमतेम महिना उरला होता.

पहिला संशय नळीवर गेला. ही वीतभर लांबीची नळी एका टोकाला डोळा लावून उजेडाकडे धरायची असते, आणि दिवाणखान्यात उजेड येतो तो समोरच्या घराच्या बाजूनं. वसंतराव तिला डोळा लावून खिडकीत रोज उभे राहत. तिसऱ्याच आठवड्यात समोरच्या घराला जाड पडदे लागले होते आणि तिथल्या वहिनी लीलाबाईंशी जरा तुटक बोलायला लागल्या होत्या. वसंतरावांनी समोर जाऊन खुलासा करायची तयारी दाखवली. लीलाबाई म्हणाल्या, "नको. खुलासा केला की माणसं पडद्यावर आणखी एक पडदा लावतात." नळी शुद्ध पाण्यानं तपासली. शून्य दाखवायला हवं होतं, शून्यच दाखवलं. नळी सुटली.

दुसरा संशय घेण्यात वसंतरावांची चूक झाली, हे त्यांना आजही मान्य नाही. समुद्राचं मीठ पुण्याहून बादलीतून येतं आणि बादली पायऱ्यांखाली असते. दिवस कैरीच्या लोणच्याचे होते. जेवताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "लोणच्याला मीठ कमी पडलं होतं का गं?"

लीलाबाईंनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे माशांचं मीठ मी लोणच्यात घातलं, असं?"

"तसं नाही. पण दोन्ही मिठंच आहेत, घाईत एखाद्या वेळेस—"

पुढचे दोन दिवस त्या घरात फक्त पंप बोलत होता.

तिसऱ्या दिवशी आण्णासाहेब आले. हे उजव्या हाताचे शेजारी. सास्तूरकडे मोठी शेती, डाळिंबाची बाग. मुलांच्या शिक्षणासाठी इथं घर बांधलं, मुलं शिकून पुण्याला गेली, घर आणि आण्णासाहेब राहिले. सोबत त्यांची आई धुरपदाबाई. आण्णासाहेबांना टाकीत पहिल्या दिवसापासून रस होता, कारण छत्रीचं पोवळं हे मूळ पोवळ्याच्या फांदीपासून कलम करून वाढवलेलं आहे, असं श्रियानं त्यांना सांगितलं होतं.

"सर, कलम फेल गेलं म्हणा की," त्यांनी काचेला नाक लावलं. "मर रोग दिसतोय. आमच्या बागंत असंच झालं हुतं. वरनं सगळं गुळगुळीत, आतनं खलास."

"मर रोग नाही, आण्णासाहेब. पाण्यातलं मीठ कमी होतंय."

"मग मासे खात असतील."

"मासे मीठ खात नाहीत."

"मिठाच्या पाण्यात ऱ्हायचं आन् मीठ खायचं न्हाय? लई संयम म्हणायचा." आण्णासाहेब खुर्चीत बसले. "तुमचं ते दुर्बिणीचं ऱ्हाऊ द्या. सरकारी कागद पाहिजे. मी पाणी तपासल्याबिगर एक रोप लावत न्हाय. उद्या बाटली भरा, माती-पाणी तपासायला जाऊ."

विज्ञानाच्या माणसाला दुसऱ्या प्रयोगशाळेचा दाखला नको म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं बाटलीभर समुद्र घेऊन धाराशिवला गेले. खिडकीतल्या कारकुनानं बाटली उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, "गट नंबर?"

"गट नंबर नाही. टाकी दिवाणखान्यात आहे."

"दिवाणखान्याचा गट नंबर?"

"अहो, हे घरातलं पाणी आहे."

"घरातलं पाणी असंल तर नगरपालिकेकडं जावा. हितं शेताचं पाणी घेतेत."

आण्णासाहेबांनी वसंतरावांना हलकेच मागं सारलं आणि स्वतःच्या बागेचा गट नंबर सांगून टाकला. "लिवा."

"विहीर, बोअर का शेततळं?"

"शेततळं."

"पीक?"

इथं मात्र वसंतरावांना गप्प बसवेना. "प्रवाळ," ते म्हणाले.

कारकुनानं मान वर केली. "डाळिंबाची जात हाय का?"

"व्हय," आण्णासाहेब म्हणाले, "नवीन निघालीय."

वसंतराव आयुष्यात प्रथमच खोटं नमुना-पत्र देत होते, आणि त्यांना त्याचं एवढं वाईट वाटलं की परतीच्या प्रवासात ते तुळजापूर येईपर्यंत बोलले नाहीत. आण्णासाहेबांनी त्या वेळात डाळिंबावरच्या तेलकट डाग रोगाबद्दल सगळं सांगून घेतलं.

अहवाल आठवड्यानं आला. सदर शेततळ्याचे पाणी कोणत्याही पिकास, जनावरास अथवा बांधकामास वापरू नये, असं त्यात होतं. जमीन कायमची नापीक होईल. जिप्सम टाकावे. क्षारांचा आकडा वसंतरावांच्या नळीशी तंतोतंत जुळत होता, म्हणजे मीठ खरंच कमी होतं. पण त्या कार्यालयाच्या दृष्टीनं एवढं खारट पाणी तिथं आजवर आलेलंच नव्हतं. कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या रकान्यात 'रसायन शिल्लक नाही' असं लिहिलं होतं.

अहवालापाठोपाठ मोटारसायकलवरून कृषी सहाय्यक आला. सिद्धाराम नावाचा, अंगावर धूळ, पाठीला सॅक, चेहऱ्यावर जिल्हा वाचवायला निघाल्याचा भाव. आण्णासाहेबांच्या गटावर जाऊन, तिथं शेततळं न सापडल्यानं तो पत्ता विचारत इथवर आला होता.

"सर, शेततळं कुठंय?"

"चप्पल काढून आत या," वसंतराव म्हणाले.

सिद्धारामनं टाकी पाहिली. पहिली काही मिनिटं त्यानं कर्तव्य केलं. हे पाणी तातडीनं उपसून टाका, ठिबकला जोडू नका, करडईसारखं क्षार सोसणारं पीक घ्या, असं सांगितलं. मग मोठ्या बाईंनी शिपायाला खडकामागून हुसकून काढलं आणि त्याचं वाक्य अर्धं राहिलं. तो खाली बसला. "ह्यो का पळतोय?" वसंतरावांनी सांगितलं. "घरोघरी हेच हाय," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं मोबाईल काढला. संध्याकाळपर्यंत 'तुळजापुरात समुद्र' या मथळ्याचा व्हिडिओ तालुक्यातल्या बऱ्याच फोनवर होता. समोरच्या वहिनींनाही तो मिळाला. त्यांनी एक पडदा काढला.

मीठ मात्र एकतीसवर आलं होतं. छत्री अजून मिटलेलीच. आता तिच्यावर मेणासारखा पातळ पापुद्रा दिसायला लागला होता. फोनवर श्रिया म्हणाली, "कधीकधी पोवळं कात टाकतं बाबा, तेव्हा दिसतं असं. आणि कधीकधी मरताना दिसतं."

"फरक कसा ओळखायचा?"

"कात टाकली असेल तर चार-आठ दिवसांनी उमलतं."

"आणि मरत असेल तर?"

"तर नाही उमलत." ती म्हणाली, "बाबा, वैष्णवीला सांगून ठेवू का? तिच्याकडे नीट होईल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, समुद्र सोपा नसतो."

वसंतरावांनी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. मुलगी आपल्याशी ज्या सुरात बोलली, त्याच सुरात आपण नापास झालेल्या मुलांच्या पालकांशी बोलायचो, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. लोणच्यापासूनचा उरलासुरला रुसवा सोडून लीलाबाई स्वतः कप घेऊन आल्या, तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मीठ नाही घातलेलं."

चहा पिता पिता वसंतरावांना एकदम सुचलं की अहवालातला रिकामा रकाना आपण घरी भरू शकतो. श्रियानं ठेवलेल्या डब्यात पाण्याचा अल्कपणा, म्हणजे तेच कार्बोनेट-बायकार्बोनेट, मोजायची बाटली होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. म्हणजे टायट्रेशन. वसंतरावांचा आवडता प्रयोग. इथं त्यांना कुणी काही शिकवू शकत नव्हतं. एरवी आठव्या थेंबाला रंग बदलायचा. आज दहावा पडला तरी निळं. अकराव्याला पिवळं झालं.

वसंतराव उठून उभे राहिले. मीठ कमी आणि अल्कपणा जास्त. आरओचं पाणी अल्कपणा वाढवू शकत नाही, त्यात काही नसतंच. मग त्यांनी आण्णासाहेबांच्या बोअरचं पेलाभर पाणी आणवून त्यावर प्रयोग केला. थेंब पडत राहिले, पाणी निळंच. हेच ते पाणी, ज्यानं कॉलनीतल्या प्रत्येक बंबाच्या आत पांढरा थर बसतो आणि प्रत्येक नळाची तोटी दोन वर्षांत गच्च होते. वस्तुमानाचा नियम शाबूत होता. वसंतरावांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि वर्गात निष्कर्ष लिहून देतात तशा आवाजात म्हणाले, "कुणीतरी आपला समुद्र घेऊन जातंय आणि त्या जागी बोअरचं पाणी भरतंय."

लीलाबाई पोळी लाटत होत्या. "हो," त्या म्हणाल्या.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे घेऊन जातात. मीच दार उघडते."

"तुला माहीत होतं? मग मी इतके दिवस विचारत होतो तेव्हा—"

"तुम्ही मीठ विचारलंत. पाणी कुठं विचारलंत?" त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आणि लोणच्याचं विचारलंत. ते तर फारच छान विचारलंत."

याच वेळी बाहेरून हाक आली. "मास्तरीणबाई, हायती का मास्तर? गेले का फिराया?"

पौर्णिमा होती. वसंतराव सकाळी फिरायला जातात आणि तसेच वाचनालयात बसून साडेदहाला येतात, हे कॉलनीला पाठ होतं. ते आज प्रयोगापायी घरी राहिले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दारात धुरपदाबाई होत्या, हातात पितळेचा तांब्या. त्यांच्या मागं समोरच्या वहिनी, पडदेवाल्या. त्यांच्या मागं कोपऱ्यावरची अर्पिता कळशी घेऊन. आणखी मागं दोन बायका वसंतरावांनी कधी पाहिल्याही नव्हत्या. त्या व्हिडिओ बघून नळदुर्गहून आल्या होत्या.

आता हे कसं सुरू झालं, त्याची हकीगत अशी. टाकी आली त्या आठवड्यात अमावस्या होती. अमावस्येला, पौर्णिमेला समुद्रस्नानाचं पुण्य असतं, आणि तुळजापूरपासून समुद्र गाडीनं एक रात्र लांब. धुरपदाबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे आता पाहायची आशाही सोडली होती. त्यांनी लीलाबाईंना विचारलं, तांब्याभर मिळंल का, आंघुळीच्या बादलीत टाकते. लीलाबाईंनी दिलं. देव्हाऱ्यातलं गंगाजल मागितल्यावर नाही म्हणायची पद्धत त्यांच्या माहेरी नव्हती. पण शेजाऱ्याचं नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही पद्धत धुरपदाबाईंच्या सासरी होती. त्या बोअरचं तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि समुद्रात ओतून गेल्या. पुढं ज्या ज्या बायका आल्या, त्यांनी तेच केलं. मग कुणाचा घसा बसला म्हणून गुळण्यांना नेलं, कुणी पाय शेकायला नेलं. प्रत्येकीनं तेवढंच पाणी आणून भरलं. फुकटचं कुणीच नेलं नाही.

"धुरपदाबाई," वसंतरावांनी आवाज शक्य तेवढा खाली ठेवला, "तुम्ही ह्यात साधं पाणी ओतता?"

"मंग? तसंच सोडू व्हय?" धुरपदाबाईंनाच राग आला. "तुमीच म्हणलाव का न्हाय, पाणी ह्या रेघंच्या खाली जाऊ द्यायचं न्हाय म्हणून? समद्यांम्होरं म्हणलाव. मी तवा हितंच उभी हुते."

हे खरं होतं. टाकी आली त्या संध्याकाळी कॉलनी जमली असता वसंतरावांनी काचेवर लाल चिकटपट्टी लावून पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. पाणी रेघेखाली गेलं तर पंप जळेल, मासे मरतील, समुद्र संपेल. श्रोत्यांमध्ये बायकाच जास्त होत्या. वसंतरावांच्या सबंध कारकिर्दीत एवढा लक्ष देऊन ऐकणारा आणि ऐकलेलं एवढ्या काटेकोरपणे पाळणारा वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

"आमी पट्टीच्या एक बोटबी खाली जाऊ दिलं न्हाय, सर," अर्पिता म्हणाली. "वाकून बघून भरतो."

"ते ठीक आहे, पण—" वसंतरावांनी 'पण'पाशी थांबून पाहिलं. नळदुर्गच्या दोघी ऊन झाल्यामुळे पदरानं वारा घेत होत्या. समोरच्या वहिनी, त्यांच्याशी तीन महिन्यांत प्रथमच, ओळखीचं हसत होत्या. "पाणी भरलं, पण मीठ? मीठ तुमच्या तांब्यातून गेलं! पाणी परत केलंत, मीठ नाही केलंत!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "आधी सांगाचं की. पुढल्या वक्ताला मूठभर मीठबी टाकतो."

"नको!" वसंतराव एवढ्या जोरात ओरडले की मोठ्या बाई खडकामागं गेल्या. शिपाई बाहेर राहिला. "स्वयंपाकाचं मीठ नाही चालत त्याला. आणि पाणीही नको. मी असं करतो, दर रविवारी मी ह्यातलं थोडं जुनं पाणी काढून नवं भरतो. ते काढलेलं पाणी तुम्हाला देतो. टाकीला हात लावायचा नाही."

"आजवर ते काढल्यालं कुठं टाकत हुता?"

वसंतरावांनी अडखळत सांगितलं.

"संडासात," धुरपदाबाई हळूच म्हणाल्या. "समुद्र. संडासात." त्यांनी लीलाबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढ्या वर्षांचा संसार हिनं कसा केला असेल. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो हसू लपवण्यासाठी होता, पण धुरपदाबाईंना तो वेगळा वाटला आणि त्यांनी लीलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवसापासून कारभार बदलला. मीठ एकदम वाढवलं तर प्राण्यांना सोसत नाही, म्हणून वसंतराव ते रोज थोडं थोडं चढवत गेले. बत्तीस. पुढं साडेबत्तीस. लोकांची सोय म्हणून त्यांनी एका पिंपात निराळं ताजं समुद्राचं पाणीही बनवून ठेवलं. प्रमाण चोख, रसायनं चोख, श्रियाच्या टाकीपेक्षा शुद्ध. धुरपदाबाईंनी त्यात बोट बुडवून चाखलं आणि तांब्या उलटा केला.

"ह्यो समुद्र न्हाय."

"का? चव तीच आहे."

"ह्यात मासा ऱ्हायला न्हाय. मासा न ऱ्हायल्याला समुद्र असतोय का कुठं?"

वसंतरावांनी श्रियाला फोनवर हे हसत हसत सांगितलं. श्रिया हसली नाही. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "नव्या पाण्यात जीव नसतो. टाकी मुरावी लागते." तेव्हा असं ठरलं की पिंपातलं नवं पाणी टाकीत, आणि टाकीतलं मुरलेलं बायकांना. मागणी वाढली तशी पाण्याची अदलाबदल वाढली. हिरवट शेवाळ काचेवरून गेलं. अल्कपणा नवव्या थेंबावर आला, मग आठव्यावर. आण्णासाहेबांनी हे सगळं पाहून, आपल्या बागेला आठवड्यातून एकदा पाणी बदलता आलं असतं तर, अशी हळहळ व्यक्त केली. कॉलनीत वसंतरावांना लोक रस्त्यात थांबवून "यंदा मीठ कसं आहे?" असं विचारायला लागले, जसं पावसाचं विचारतात. मेणासारखा पापुद्रा एका सकाळी सुटून पंपाच्या जाळीत अडकला. पण छत्री उमलली नाही.

सोमवारी सोमवती अमावस्या होती. श्रियाही सोमवारीच येणार होती, आणि वैष्णवीची गाडी एका कामासाठी सोलापुरात आलेली होती. हो म्हटलं की ती दुपारपर्यंत दारात.

सकाळी साडेआठला श्रिया सोलापूरच्या बसमधून उतरून कॉलनीच्या कोपऱ्यावर आली तेव्हा तिच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत बायकांची रांग होती. तांबे, कळश्या, बाटल्या, एकीच्या हातात प्रेशर कुकर. पाच वर्षांपूर्वी घर सोडलेल्या मुलीला नव्या बायका ओळखत नव्हत्या. ती आपल्याच घरात जायला निघाली तेव्हा एकीनं तिला अडवलं. "ताई, मधी नका घुसू. समद्यांला मिळतंय."

"मी त्यांची मुलगी आहे."

"समद्या असंच म्हनतेत," ती बाई म्हणाली. तिनं खुद्द अर्पितालाही मघाशी पुढं जाऊ दिलं नव्हतं.

शेवटी धुरपदाबाईंनी ओसरीवरून हात केला आणि श्रिया आत आली. वसंतराव टाकीतून नळीनं बादलीत पाणी काढत होते, लीलाबाई तांबे भरून देत होत्या. वसंतरावांनी मुलीकडे पाहिलं, नंतर छत्रीकडे. मग क्षार मोजायची नळी तिच्या हातात दिली, परीक्षार्थ्यानं उत्तरपत्रिका द्यावी तशी. श्रियानं काचेवर थेंब घेतला, खिडकीशी गेली आणि डोळा लावला. समोरच्या घराला आता एकही पडदा नव्हता. समोरच्या वहिनी तिथून नव्हे, तर रांगेतून तिला हात करत होत्या.

"चौतीस," ती म्हणाली.

"साडेचौतीस," वसंतराव म्हणाले. "उजेड कमी आहे."

श्रिया टाकीसमोर मांडी घालून बसली. छत्रीच्या उजव्या कडेला, पंपाची लाट जिथं आपटते तिथं, बोटभर जागेत फुलं बाहेर आली होती. बाकी सगळी छत्री गुळगुळीत. ती फुलं उमलायला लागली आहेत की मिटायची राहिली आहेत, हे वसंतरावांना सकाळपासून ठरवता आलं नव्हतं. त्यांनी श्रियाला विचारलं. तिनं नाक काचेजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"पोरी," धुरपदाबाई मागून म्हणाल्या, "बघून झालं असलं तर जरा हात लाव. तुजी आई एकटीच भरतीया, आन् भाईर ऊन झालंय."

श्रिया उठली. बाह्या वर करून तिनं आईच्या हातातला मग घेतला आणि नळदुर्गच्या बाईंचा कुकर भरायला घेतला. वैष्णवीचा फोन पहिल्यांदा आला तो साडेनऊला. सव्वादहाला तो दुसऱ्यांदा वाजत होता, टेबलावर, वसंतरावांच्या चहाच्या कपाशेजारी. रांग कोपऱ्याच्या पलीकडे गेली होती, आणि श्रियाचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले असल्यामुळे तिनं तो अजून उचललेला नव्हता.